मला येत होतं

एंटर मारण्याआधी ते दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि ओठ हलवत काळ्या पडद्यावरची ओळ वाचायचे. "कुठून कुठे जातंय ते आधी बघा ताई. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्यावर चढते आणि सगळं पुसून टाकते." भाऊंचा जप चाललाय, असं म्हणून आम्ही चिडवायचो. ते हसायचे आणि पहिल्यापासून वाचायचे.

तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेल. आमचं ऑफिस दिंडोरी रोडवरच्या द्राक्षांच्या पॅकहाउसचं. कुठल्या बागेत कुठली फवारणी कधी झाली, याच्या नोंदी आम्ही ठेवतो. त्या दाखवल्याशिवाय परदेशी जाणारा कंटेनर हलत नाही. या नोंदींचा बॅकअप भाऊ घ्यायचे, तोही माउसला हात न लावता, कमांड टाइप करून. हरवलेली फाइल परत आणायचीही त्यांनीच. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं आणि तिथेच त्यांचा पाय अडकला होता.

त्यांची म्हातारी आई वणीला, शेजारणीच्या भरवशावर. नोकरी सोडून तिच्याजवळ राहायचं, एवढंच त्यांना हवं होतं. शेठ गोड बोलायचे. "खुशाल जा भाऊ. फक्त तुमच्या जागी माणूस तयार करा." तडकाफडकी निघून जाणं भाऊंच्या स्वभावात नव्हतं. रविवारी वणीला निघाले तरी ऑफिसचा फोन यायचा आणि ते अर्ध्या वाटेतून गाडी वळवायचे.

मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. मी मुद्दाम चुकायचे. येतं म्हटलं की हे घोंगडं आपल्या गळ्यात पडणार, हे मला पक्कं कळलं होतं. "माझ्या डोक्यात नाही शिरत हो भाऊ." ते म्हणायचे, "शिरेल. परत वाचा." जेवणाच्या सुट्टीत मात्र मी गुपचूप एखादी फाइल उडवायचे आणि डिस्कवरून परत आणायचे. दिवाळीच्या आधीच मला सगळं जमत होतं.

माघात त्यांची आई गेली. भाऊ तेव्हा ऑफिसातच होते.

नेमक्या दहाव्याच्या दिवशी ऑफिसात नुकत्याच लागलेल्या मॅडमनी 'एप्रिल छाटणी' नावाचं फोल्डर मागच्या पिकाचं समजून उडवलं. द्राक्षाचं साल एप्रिलच्या छाटणीपासून धरतात, म्हणजे याच पिकाच्या नोंदी त्यात होत्या, हे त्यांना कोण सांगणार. बाहेर कंटेनर भरून उभा, शेठ माझ्या टेबलाशी. दोन मिनिटांचं काम होतं. मी फोन लावला.

भाऊ रामकुंडावर होते. "गुरुजी, जरा थांबा," असं म्हणत त्यांनी मला एकेक अक्षर सांगितलं. मला पाठ असलेली कमांड मी त्यांच्याकडून ऐकून टाइप केली. माझी मलाच लाज वाटत होती, तरी मी विचारलं, "पुढे काय टाकू भाऊ?"

चौदाव्या दिवशी ते कामावर आले. टाइप केलेली प्रत्येक कमांड कॉम्प्युटर जपून ठेवतो आणि प्रत्येकीपुढे तारीख पडेल अशी सोय भाऊंनी केलेली होती. मला हे माहीत नव्हतं. माझ्या टेबलाशी उभं राहून ते ती यादी बराच वेळ वर वर सरकवत राहिले.

"दिवाळीच्या आधीपासून येतंय तुम्हाला," ते म्हणाले.

"हो भाऊ."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक कोरा कागद मागून घेतला, माझ्याच टेबलावर राजीनामा लिहिला आणि शेठना सांगितलं, "ताईंना सगळं येतं." शेठनी माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली.

निघताना भाऊंनी विचारलं, "तुमच्या आई कुठे असतात?"

"सिन्नरला."

"जवळच आहे की," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

ते वणीला गेले. आता त्या घरात एकटेच राहतात म्हणे. आणि मी या हंगामात एकदाही सिन्नरला गेलेले नाही.