सात नंबरवरचं कोळिष्टक

चौकाचौकांतले कॅमेरे पुसणाऱ्या माणसाला सगळे शिडीकाका म्हणत. अकरा वर्षं ते आपल्या तीनचाकी टेम्पोवर शिडी बांधून फिरत होते. आधी ब्रशने जाळी काढायची, मग ओलं फडकं, मग कोरडं, आणि शेवटी काचेवर तोंडाची वाफ सोडून पुन्हा एकदा पुसायचं. स्वतःचा चष्मा मात्र सदऱ्याच्या टोकाने कसाबसा. बायको म्हणायची, "पोलिसांचे डोळे लख्ख, आणि घरी चहात मीठ टाकताय!"

अशा माणसाच्या घरी एका रविवारी मेहुणी आली, ती थेट भांडायलाच.

तिचा नवरा, म्हणजे काकांचे साडू, चौकात चाक मांडून सुऱ्या-कात्र्यांना धार लावतात. तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी सव्वाअकराला, एका वाहतूक पोलिसाने त्यांना तिथून उठायला सांगितलं. गिऱ्हाइकाची कात्री चाकावर होती. "एवढी संपवतो, साहेब," ते म्हणाले. त्याचा राग येऊन पोलिसाने लाथेने चाक उलथवलं आणि काठीने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली. वर गुन्हा दाखल झाला तो साडूंवरच, धारदार शस्त्र उगारल्याचा! धार लावणाऱ्याच्या हातात धारेची वस्तू नसेल तर काय फुलांचा गुच्छ असेल? पण हे विचारायचं कोणी आणि कोणाला?

सगळी भिस्त चौकातल्या सात नंबरच्या कॅमेऱ्यावर होती. चित्रण मिळालं तर साडू सुटणार, नाहीतर तुरुंग. साडूंच्या वकीलबाईंनी अर्ज केला होता. त्याचं उत्तर मेहुणीने काकांपुढे आपटलं. 'सदर दिवशी कॅमेरा क्रमांक सातच्या भिंगावर कोळिष्टक असल्याने चित्रण उपलब्ध नाही.'

"भाऊजी, खरं सांगा. त्या दिवशी पुसला नव्हतात ना तुम्ही?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर तीही खाली मान घालून बसलेली.

"साडेदहाला माझ्या हाताने पुसलाय मी तो!"

"मग कोळिष्टक आलं कुठून?"

"त्यांच्या डोक्यातून!"

कॅमेरे पुसल्यावर रोज सही करायची ती वही ठेकेदाराकडे असायची. काकांनी लगेच फोन लावला. ठेकेदार म्हणाला, "त्या आठवड्याची पानं भिजली हो, काका. आणि तुम्ही कशाला यात पडताय? पुढच्या महिन्यात आपला करार पुढे चालू व्हायचाय." भिजली म्हणे! लोखंडी कपाटात, कुलपाच्या आत. पाणीसुद्धा हल्ली तारीख बघून गळायला लागलं होतं. मेहुणी तो कागद उचलून निघून गेली, आणि ते तिच्या भांडण्यापेक्षाही जास्त लागलं.

दोन दिवसांनी लेक मोबाइल घेऊन आली. "बाबा, तुम्हाला दंड आलाय. त्याच चौकात टेम्पो उभा केला म्हणून."

काकांनी घर डोक्यावर घेतलं. "कोणासाठी उभा केला होता? ज्याची काच पुसली त्यानेच माझा फोटो काढावा? लाज नाही वाटत?"

"ओरडू नका, हे बघा. तोच मंगळवार, दहा वाजून बावन्न मिनिटं. कॅमेरा क्रमांक सात."

काका ओरडायचे थांबले. फोटो इतका स्वच्छ होता की टेम्पोचा नंबर तर सोडाच, शिडीच्या दोरीची गाठसुद्धा दिसत होती. त्यानंतर तेवीस मिनिटांत कोळ्याने अख्खं भिंग झाकलं म्हणायचं, तर तो कोळी पोलीस खात्याच्याच पगारावर असला पाहिजे. काकांनी फोटो आधी बायकोला दाखवला. तिने डोळे पुसले आणि बहिणीला फोन केला.

वकीलबाई म्हणाल्या, "मोबाइलमधला फोटो ते बनावट ठरवतील. खात्याच्या शिक्क्याची प्रत आणा, मग बघते एकेकाला."

म्हणून काका दंडाच्या कार्यालयात जाऊन रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनाने त्यांना ओळखलं. "अरे, शिडीकाका! आपल्याच माणसाला दंड? थांबा, रद्द करून टाकतो."

"आणि फोटोचं काय होतं?"

"तोही जातो. सगळं पुसलं जातं. तुमच्या नावावर डाग कशाला?"

बिचारा खरंच उपकार करायला निघाला होता. त्याचं बोट बटणाकडे गेलं तसा काकांनी खिडकीतून हात घालून त्याचं मनगट धरलं.

"पुसू नका! मला दंड भरायचाय. पावती द्या, फोटोसकट आणि शिक्क्यासकट."

"भरायचाय? अहो, लोक इथे माफ करा म्हणून पाया पडतात!"

गलका ऐकून आतून साहेब आले. त्यांनी पडद्यावरची तारीख पाहिली, कॅमेऱ्याचा नंबर पाहिला आणि आवाज एकदम मऊ केला. "काका, रद्द करून घ्या आणि घरी जा. नाहीतर ठेकेदाराच्या कानावर घालावं लागेल. या वयात दुसरं काम कुठे शोधणार?"

काम जाणार हे काकांना स्पष्ट दिसत होतं. भीती वाटलीच, पण रागापुढे ती टिकली नाही. "साहेब, अकरा वर्षं तुमच्या काचा पुसल्या," ते मोठ्याने म्हणाले. "तुम्हाला दिसत नाही ते घाणीमुळे, असं समजत होतो मी. माझ्या साडूची बोटं मोडलीत, त्याला गुन्हेगार केलंत, आणि खापर माझ्या फडक्यावर? ते चालायचं नाही!"

रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकू लागली होती. दंड भरणाऱ्याला नाही म्हणायचा नियम साहेबांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. ते आत निघून गेले. कारकुनाने मान वर न करता पावती छापली, फोटो जोडला, दोन्हींवर शिक्का मारला आणि सहीसाठी एक कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, 'वरील गुन्हा मला मान्य आहे.'

काकांनी चष्मा पुसला आणि नीट वाचून खाली सही केली. त्या मंगळवारी त्या चौकात जे जे घडलं होतं, त्यातला एवढा एकच गुन्हा कोणीतरी कबूल केला.