रांगेची वैरीण

आमच्या सिस्टरबाई कुणाला माफ करत नसत. लोक नवस फेडतात तितक्या नेमानं त्या उट्टं काढत. डूख धरण्यात मीही काही कमी नाही, चौथीत माझी कंपासपेटी लपवणारीचं नाव मला अजून पाठ आहे. पण सिस्टरबाईंपुढे मी बालवाडीतच. एकदा औषध कंपनीचा एक टायवाला माणूस आला आणि दारातूनच म्हणाला, "ए नर्स, डॉक्टर आहेत का आत?" सिस्टरबाई गोड हसल्या. "हायत की. बसा." त्याला टोकन दिलं ते सगळ्यात शेवटचं, आणि बसवलं खोकणाऱ्या दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये. पुढच्या दोन्ही खेपांना तेच. चौथ्या खेपेला त्यानं उंबऱ्यातच हात जोडले, "नमस्कार, सिस्टर." तेव्हा त्या म्हणाल्या, "आता जा आत. मॅडम मोकळ्याच हायत."

सरपंचांचं प्रकरण याहून मोठं. ते आले की रांग मोडून थेट माझ्या, म्हणजे डॉक्टरच्या, खोलीत. एकदा तर येताना सुरमई घेऊन आले आणि माझ्या टेबलावर केसपेपरांवरच ठेवली. सिस्टरबाईंनी सुरमई शिपायाच्या हाती त्यांच्या घरी परत धाडली, सरपंचांना बाहेर बाकावर बसवलं आणि दंडाला पट्टा गुंडाळला. रक्तदाब इतका निघाला की त्यांनी दोनदा मोजला. त्या दिवसापासून त्यांनी सरपंचांचा पिच्छा पुरवला. ग्रामसभेत ऐन ठरावाच्या वेळी मागून आवाज यायचा, "सरपंच, आजची गोळी घेतलीत काय?" माणूस लाजेकाजेस्तव गोळ्या घ्यायला लागला. आज त्यांचा रक्तदाब माझ्यापेक्षा बरा आहे. आमच्या पंचक्रोशीत सगळ्यात ठणठणीत माणसं कोण म्हणाल, तर सिस्टरबाईंचे शत्रू.

मी त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा तिथं डॉक्टरांच्या जागा दोन होत्या आणि डॉक्टर एकच, मी. सकाळी नऊला रांग फाटकाबाहेर गेलेली असे. एकेका पेशंटला मिनिटभर मिळालं तर नशीब. निम्मे लोक तर नुसत्या रक्तदाबाच्या नाहीतर साखरेच्या गोळ्या न्यायला आलेले, पण माझ्या सहीसाठी त्यांनाही दोन-दोन तास उभं राहणं भाग होतं. डबा उघडेपर्यंत डब्यातली आमटी आंबायची. रांग संपली की रजिस्टरं, आणि रजिस्टरं संपली की तेच सगळं पुन्हा संगणकात भरायचं. एके दिवशी मी दुसऱ्याच बाईचा केसपेपर वाचून समोरच्या बाईला औषध लिहिलं. सिस्टरबाईंनी दारात कागद पकडला म्हणून निभावलं. घरी जाऊन मी राजीनामा लिहिला आणि दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या खणात आणून ठेवला.

तो त्यांनी वाचला. विचारून वगैरे वाचण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. म्हणाल्या, "मॅडम, ह्यो कागद ऱ्हाऊ द्या खणातच. मला आठ दिस द्या."

"आठ दिवसांत काय होणार, सिस्टर?"

"माझा एक वैरी हाय. लय वर्सांचा. त्याच्यासंगं एकटीला लढाया जमत न्हाय."

वैरी म्हणजे ती रांग. सिस्टरबाई म्हसळ्याकडच्या एका बौद्धवाडीतल्या, घराण्यातल्या पहिल्या सरकारी नोकर. नवरा लाँचवर खलाशी होता. एका सकाळी छातीत जळजळतंय म्हणून तो आमच्याच केंद्रात आला. सिस्टरबाई तेव्हा दुसऱ्या गावच्या उपकेंद्रावर होत्या. तो तीन तास रांगेत उभा राहिला, आणि नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. "अर्धा मिनिट," सिस्टरबाई म्हणाल्या, "मागं उभी व्हती त्या बाईनं सांगितलं मला." लाँचवरची पाळी चुकेल म्हणून तो तसाच आगरदांड्याच्या जेट्टीवर गेला, दोरखंडाच्या वेटोळ्यावर टेकला, तो उठलाच नाही. सहा गोळ्यांतली एक खाल्लेली होती. तो केसपेपर त्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये बाळगत.

"डॉक्टर कोण होते?" मी विचारलं. त्यांनी पाकीट उघडलं नाही. "नाव कशाला? शंभर मानसं बघितल्यावर तुमी तरी काय येगळं केलं असतं?" मला आदल्या दिवशीचा चुकीचा केसपेपर आठवला.

आठ दिवसांत त्यांनी केंद्राची पार उलथापालथ केली. "डॉक्टरचं डोकं डॉक्टरच्याच कामाला," हे त्यांचं पालुपद. व्हरांड्यात टेबलं मांडली. घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून आणायची, हा पहिला कायदा. टेबलावर पिशवी ओतली की निम्मा घोळ तिथंच कळायचा. कुणी एकच गोळी दोन नावांनी खात असे, कुणी नवऱ्याची गोळी आपली समजून. ज्यांचा रक्तदाब आणि साखर ताब्यात आहे त्यांना मी नेमून दिलेल्या कार्डाप्रमाणे सिस्टरबाई आणि आमचे फार्मासिस्टभाऊ तिथल्या तिथे मोकळं करत. आशाताई वाड्यावाड्यांतून रक्तदाब मोजून आकडे फोनवर पाठवत, त्यामुळे म्हाताऱ्यांच्या निम्म्या खेपा वाचल्या. ज्यांना खरोखर डॉक्टरची गरज त्यांना टेबलावर लाल चिठ्ठी मिळे, आणि माझ्याकडे यायची ती फक्त लाल चिठ्ठीवाली माणसं.

खात्यानं दिलेला टॅब वर्षभर कपाटात पडला होता, वरचं प्लॅस्टिकसुद्धा न काढलेला. देणगीत मिळालेल्या ईसीजीच्या यंत्रावर शिपाई टॉवेल वाळत घालायचा. "यंत्रालापन रांगेत बसवलंय व्हय?" म्हणत सिस्टरबाईंनी टॉवेल ओढला. जन्मभर रजिस्टरं लिहिलेली ती बाई दातांत जीभ धरून एका बोटानं टॅबवर नावं भरायला शिकली. मी पेशंटशी बोलता बोलता फोनला सांगायचे आणि तो लिहून घ्यायचा, संध्याकाळी नुसती नजर टाकून सही. छातीत जळजळ म्हणणाऱ्याला तर त्या रांगेत उभंच राहू देत नसत. ईसीजीची पट्टी काढायची, तिचा फोटो अलिबागच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवायचा. फोटो जाईल इतकं नेटवर्क फक्त गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी मिळे, म्हणून निवृत्तीला टेकलेल्या सिस्टरबाई फोन उंच धरून दिवसातून चारदा तो जिना चढत.

महिन्याभरात मी दुपारी दीडला गरम भात जेवायला लागले. वर्षभर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहून मी सूर्य बुडताना पाहिला नव्हता, तो पाहिला. माणसाला नाव, गाव, झोप लागते का, अशी चार वाक्यं विचारता यायला लागली. खणातल्या राजीनाम्यावर पंचिंग मशीन येऊन बसलं.

आणि मग तालुक्याचे साहेब तपासणीला आले. मूळचे डॉक्टरच, पण खुर्ची मिळाल्यापासून त्यांचा स्टेथोस्कोप गाडीच्या डिकीत राहायला गेला होता. मी त्यांच्याबद्दल बरं लिहिणार नाही, ज्यांना बरं वाचायचं असेल त्यांनी त्यांच्या बैठकीचा वृत्तांत वाचावा. व्हरांड्यातली टेबलं बघून ते कडाडले, "इथं डॉक्टर कोण आहे? नर्सनं डॉक्टरकी करायची नाही." दुसऱ्या दिवशी लेखी आदेश आला की प्रत्येक पेशंट डॉक्टरनंच तपासायचा, प्रत्येक नोंद डॉक्टरनंच करायची. सिस्टरबाईंना वेगळी नोटीस. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या बाईला चौकशीची धमकी! त्या फक्त "व्हय, साहेब" म्हणाल्या. त्या 'व्हय'नं मलाच धडकी भरली.

टेबलं आत गेली आणि रांग फाटकाबाहेर. तीन आठवड्यांत मी पुन्हा मान खाली घालून लिहायला लागले. राजीनामा खणातून काढला, तेव्हा सिस्टरबाईंनी विचारलं, "मॅडम, तुमची रजा शिल्लक हाय ना? मग सोमवारी घ्या."

सोमवारी आमच्याकडे आठवड्याचा बाजार, गर्दी दुप्पट. त्याच सोमवारी तालुक्यातले बाकीचे डॉक्टर अलिबागला प्रशिक्षणाला जाणार होते. आणि डॉक्टर रजेवर असेल तर बदली डॉक्टर तालुक्यानं द्यायचा, हा नियम साहेबांनी स्वतःच काढलेला. बदलीला उरलं कोण, तर साहेब! मी अर्ज टाकला. केंद्रामागच्या माझ्या क्वार्टरमध्ये मी थांबणार, अडलं तर सिस्टरबाई फोनवर एक रिंग देणार, असं ठरलं. त्या सोमवारी खिडकीशी चहा घेऊन बसताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, आजही वाटत नाही.

सिस्टरबाईंनी आदेश अक्षरशः पाळला. सगळी माणसं साहेबांपुढे, सगळी रजिस्टरं साहेबांपुढे. बारा वाजता साहेबांनी चहा मागितला. "रांग हाय, साहेब." दोन वाजता डब्याचं विचारलं. "रांग हाय, साहेब." आदेश त्यांनी एकाच बाबतीत मोडला. छातीची तक्रार सांगणाऱ्याची पट्टी त्या ड्रेसिंगच्या पडद्याआड गुपचूप काढत होत्या.

साडेतीनच्या सुमारास एक टेम्पोवाला म्हणाला, "बाय, जरा जळजळतंय." त्यांनी पट्टी काढली, "हितंच निजून ऱ्हा," म्हणून बजावलं आणि फोन घेऊन जिना चढल्या. पण तीन तास उभा राहिलेला माणूस आपला नंबर सोडत नाही. शिपायानं नाव पुकारलं तसा तो शर्ट घालून आत गेला. टाकीपाशी अलिबागचं उत्तर आलं, झटका आहे, ताबडतोब पाठवा. मला रिंग आली. मी चपला न घालता धावले. सिस्टरबाई आणि मी दारात पोचलो तेव्हा तो हातात कागद घेऊन बाहेर पडत होता, घामानं निथळत. मी त्याला तिथंच बसवून औषधं दिली, रुग्णवाहिकेत घातलं, ऑक्सिजन लावला आणि सोबत फार्मासिस्टभाऊंना धाडलं. त्याच्या हातातला कागद सिस्टरबाईंनी काढून घेतला होता.

गाडी फाटकाबाहेर गेली तशा त्या साहेबांच्या खोलीत शिरल्या, मागोमाग मी. साहेब पुढच्या पेशंटचं लिहीतच होते. सिस्टरबाईंनी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. मग पर्स उघडली, पाकिटातला जुना केसपेपर काढला आणि त्याच्याशेजारी ठेवला.

"साहेब, ह्यो आजचा. ह्यो सतरा वर्सांमागचा, ह्याच खुर्चीतला."

मी वाकून पाहिलं. ॲसिडिटी, गोळ्या, तीन दिवस. दोन्हींवर तेच अक्षर, तीच सही, सहीखाली तीच लांब रेघ.

"ह्याला झटका हाय. ह्यो गाडीत घातला, वाचंल," त्या म्हणाल्या. "त्यो जेट्टीवर ग्येला."

साहेबांनी जुना कागद जवळ ओढला. "कोण होता?"

"माझं मालक."

बाहेर रांगेत कुणाचं तरी पोर रडत होतं. साहेबांनी दोन्ही कागदांवरच्या तारखा वाचल्या. मग म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुमी माफी मागितली असती. मला माफी नको व्हती, साहेब. मला माझी टेबलं पायजेत."

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होऊ नये. भेदरलेला तो माणूस मी डोळे भरून पाहून घेतला. सिस्टरबाईंच्या चेहऱ्यावर मात्र आनंद नव्हता. त्या वळल्या आणि बाहेर जाऊन पुढचं नाव पुकारलं. आठवड्याच्या आत आदेश मागे घेतला गेला, नोटीसही. टेम्पोवाला वाचला. दर महिन्याला पिशवी घेऊन येतो आणि टेबलावर ओततो.

निवृत्तीच्या कार्यक्रमाला साहेब शाल घेऊन आले. माईकवर म्हणाले, सिस्टरांचं मन मोठं, त्यांनी मला माफ केलं. सिस्टरबाई खुर्चीतून उठल्या. "न्हाय, साहेब. केलेलं न्हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "माफ केलं की मानूस इसरतो. आन इसरला की रांग परत लागते." सरपंचांनी पहिली टाळी वाजवली. शाल मात्र सिस्टरबाईंनी घेतली, घडी मोडून बघितली आणि "बरी हाय" म्हणाल्या.

निघताना त्यांनी मला ते पाकीट दिलं. "ह्ये आता तुमच्याकडं. मी घरी न्येऊन काय करू? घरी रांग न्हाय." त्या म्हसळ्याला गेल्या त्या दुपारी मी राजीनामा फाडला आणि खणात त्या जागी तो केसपेपर ठेवला. अजून कधी कधी बाजाराच्या दिवशी गर्दी टेबलांना आवरत नाही. एकामागून एक लाल चिठ्ठ्या येतात, माझं पेन आपोआप चालायला लागतं. मग मी खण उघडते, ते अक्षर पाहते, आणि मान वर करून समोरच्या माणसाकडे बघते.