बारीक गोल पिन

दारव्ह्याच्या बसस्टँडसमोर त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. तो माणसाकडे पाहत नाही, वस्तूकडे पाहतो. चार्जिंगची पिन निवडताना एकेक पिन अंगठ्याच्या नखावर ठेवून एक डोळा मिटतो.

बाबांच्या कानाच्या मशीनची पिन तुटली, तेव्हा मी म्हटलं, "भाऊ, मोबाइलचीच लावा. तो चार्जर घरोघरी रायते."

"ते मोठी दिसते. हे बारीक गोल लावतो," तो म्हणाला.

सुबक बसली. दिवाळीनंतर उंदरानं तिची चार्जिंगची वायर कुरतडली आणि मशीन बंद पडलं. तशी वायर फक्त त्याच्याकडे, आणि तो आठ दिवस लग्नाला गेलेला. त्याच आठवड्यात बाबा गेले. शेवटपर्यंत विचारत होते, "काय म्हनून राह्यला?" मी नुसता ओरडत होतो.

तेरवीनंतर माझ्या मोबाइलची पिन गेली. त्याच्याकडेच गेलो, असा हात दारव्ह्यात दुसरा नाही. विचारलं, "बाबाच्या मशीनले ते गोल पिन काहून लावली?"

नखावरून नजर न काढता तो म्हणाला, "मोबाइलची लावली असती, तं तुम्ही परत आले असते का?"

उठून जावंसं वाटलं. पण माझा मोबाइल त्याच्यापुढं उघडा पडला होता. मी बसून राहिलो.