बेंदराचा मान

परवा बाजारात बैलांच्या शिंगांना लावायच्या हिंगुळाचा वास आला आणि मी थेट आमच्या गावच्या वेशीत जाऊन उभा राहिलो.

लढाई संपली त्या सालचा बेंदूर. वेशीत तोरणासारखी आडवी बांधलेली पानांची कर पहिल्यांदा सरपाटलाच्या बैलानं तोडायची, म्हणजे आमच्या. आमचा सोन्या एवढा उंच, की त्याच्या वशिंडाला अडलेले ढग पलीकडच्या गावाला पोचत नसत.

त्या दिवशी पलटणीतून आलेल्या हवालदारानं आपला बैल मधे घातला. "माझ्या हवालदारीचा कागद हाय. ह्यांच्या सरपाटिलकीचा कुठाय?"

बंदोबस्ताला आलेल्या फौजदारानं वडिलांना विचारलं, "सनद?"

"आमच्या पणजोबांनी सरणावर नेली," वडील म्हणाले. कुणी हसलं नाही. दोन्हीकडच्या काठ्या वर झाल्या होत्या.

"कागद नाही तर मान नाही. हवालदार, बैल पुढं घ्या."

तेवढ्यात सोन्या उधळला. हवालदार वेशीच्या भिंतीला चिकटला आणि शिंगं त्याच्या छातीपासून वीतभर राहिली. "आवं सरपाटील, बैल आवरा की!"

वडिलांनी सोन्याला आवरलं. फौजदार मिशीत हसून हवालदाराला म्हणाला, "तुम्हीच म्हणताय, तर सनद कशाला? चला सरपाटील."

सोन्या ढोलाला बुजला, असं वडील मरेपर्यंत सांगत राहिले. मलाही ते खरं वाटायचं. पण एक कासरा माझ्या हातात होता, दुसरा त्यांच्या. आणि ढोल तर काठ्या उठल्या तेव्हाच थांबले होते.