अर्ध्यावर अडकलेला काटा

ते पांढरी व्हॅन अजून माह्या डोळ्यासमोर उभी राह्यते. मांगच्या काचेवर 'शाळेची गाडी' असं लिवलेलं, अन् ते अर्धं खरडून काढलेलं. नोकरीत खुनाचे, दरोड्याचे कागद बी माह्या हातातून गेले. पन कोनी म्हनलं का बाई, एखादी केस सांग, त मी हेच सांगते. नाव कोनाचंच घेनार नाई. ते मानसं अजून इथंच राह्यतात, मी बी इथंच राह्यते.

पयले माहं सांगते. माहा मालक पोलीस शिपाई होता. ड्युटीवर जातानी अपघातात गेला. मी चोवीस वर्षांची, सातवी शिकलेली, दोन लेकरं पदरात. त्याच्या जागी नोकरी भेटते, पन दहावी पायजे म्हने. मंग लोकाच्या वावरात निंदनाले जाचं, अन् दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बाया भाकर खात तवा मी धुऱ्यावर बसून पुस्तक वाचाचं. दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा पास झाली. शिपाई लागली, अन् सहायक फौजदार होऊन निवृत्त झाली. रडनं-बिडनं सारं त्याच वक्ताले उरकून घेतलं, मंग टाईम भेटला नाई.

हे गोष्ट घडली तवा निवृत्तीले सहा महिने राह्यले होते. त्या दिवशी माही साप्ताहिक सुट्टी. पेन्शनच्या कागदावर सही कराले साडी नेसूनच ठान्यात आलती. सकाळचे अकरा वाजले असतीन. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर नाचणगावचं एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या डोळ्याले जाड चष्मा. बाई हातातल्या पिशवीचे बंद पिळत होती.

"चोरी नाई झाली साहेब," नवरा म्हने. "म्हंजे झाली. म्हंजे आम्हीच देल्ली."

"काय देल्ली?"

"गाडी. चालवून पाह्यतो म्हने."

"चाबी कोनं देल्ली?"

"मीच."

"अन् नारळ मी देल्ला," बाई खाली मान घालून म्हनली.

अंमलदाराचा पेन थांबला. "नारळ?"

मंग सारं बाहेर आलं. नवरा शाळेचे पोरं न्याचा-आनाचा. डोळ्यानं दिसनं कमी झालं, डॉक्टरनं गाडी चालवनं बंद केलं. दोघाईनं ठरवलं, व्हॅन इकून पिठाची चक्की टाकाची. ओसरी रिकामी केली, चक्कीसाठी इजेची लाईन बी ओढून घेतली. भाच्यानं मोबाईलवर जाहिरात टाकून देल्ली. फोटोत गाडीचा नंबर बी दिसे अन् घराचं दार बी दिसे. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तिशीतला गडी मोटरसायकलवर आला. गोड बोलला, चहा घेतला, गाडीखाली वाकून पायलं. मंग म्हने, "काका, गाडी पसंत हाय. फक्त मारोतीले दाखवून आनतो, नारळ फोडतो, आल्यावर सौदा पक्का. माही मोटरसायकल इथंच उभी हाय."

"तुम्ही संगं काऊन नाई गेले?" मी मांगून इचारलं.

"देवाच्या कामाले तो चालला, अन् मी बी येतो म्हनलं त कसं दिसन मावशी? इश्वास नाई असं वाटन ना त्याले." नवरा म्हने. "नारळ बी त्याच्याजवळ नोता. हिनं देवघरातला देल्ला."

"अन् पोहे टाकले होते मी त्याच्यासाठी," बाई म्हनली. "गार होऊन गेले."

ठान्यात कोनीतरी हासलं. मी त्याच्याकडं पायलं, तो चूप झाला. हासाची गोष्ट होती, पन त्या बाईची चक्की गाडीसंगं चालली होती. अन् एवढंच नोतं. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी हाय. इथं अनोळखी मानूस दुसऱ्याच्या नावाची गाडी नेते तवा ते कायले नेते, हे सांगाले शिकल्या-सवरल्या अधिकाऱ्याची गरज नसते. बाहेरच्या जिल्ह्यातून पेट्या भरून आनते, कुठं धरल्या गेली त गाडी सोडून पळते. मंग पोलीस आरसी बुकावरचं नाव वाचते. आरसी बुक या बाईच्या नावावर होतं. तिले ते समजलं होतं. म्हनूनच पिशवीचे बंद पिळत होती.

ठाणेदार साहेबानं झटक्यात काम केलं. वायरलेसवर नंबर टाकला, वर्धा रोड, देवळी रोड, सगळीकडं नाकाबंदी लावाले सांगतली. दाराशी उभी असलेली मोटरसायकल आनाले शिपाई धाडला. मंग नवऱ्याचं बयान सुरू झालं. चोर उंच का बुटका, शर्ट कोनता, मिशी होती का नाई. चष्म्यातून त्याले शर्ट काय दिसनार? तो घामानं भिजून गेला.

मी मधात पडली. "साहेब, एक इचारू? गाडीत पेट्रोल किती होतं?"

साहेब म्हने, "मावशी, हे कायले पायजे?"

नवरा लगेच म्हने, "काटा अर्ध्यावर होता."

त्यानं ज्या घाईनं सांगतलं, त्यावरूनच मी समजली. इतका येळ प्रत्येक उत्तर अडखळत देल्लं, अन् हे एकच पाठ केल्यासारखं. मी त्याच्याकडं नाई, बाईकडं पायलं. ते बाई भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहून राह्यली होती.

"बाई, तू सांग."

"काय सांगू मावशी."

"जे हाय ते."

तिनं नवऱ्याकडं एकदा पायलं अन् म्हनलं, "अवो, काटा त माह्या लग्नापासून अर्ध्यावरच हाय!"

"अवं, तू चूप बस ना!"

"काऊन चूप बसू? गाडी गेली, आता काटा लपवून काय करता?"

मंग नवरा कबूल झाला. काटा बिघडलेला. गिऱ्हाईकाले सांगतलं नोतं. अन् आदल्या दिवशी नळी लावून टाकीतलं पेट्रोल कॅनमधी काढून घेतलं होतं. गाडी इकाचीच हाय, त दुसऱ्याले फुकट काऊन द्याचं? दोन-चार फेऱ्या मारता येतीन, इतकंच ठेवलं होतं. हे साहेबासमोर सांगाची लाज वाटली म्हने.

मले त्याचा राग नाई आला. मालक गेल्यावर मी त्याची स्कूटर इकली, तवा मी बी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून ठेवलं होतं. ज्यानं घेतली तो मानूस गल्लीच्या टोकापर्यंत स्कूटर ढकलत गेला. मी दारातून त्याची पाठ पाहून राह्यली. म्हनूनच मले तो प्रश्न सुचला. पुस्तकात नाई भेटत असं.

"किती दूर जाईन?" मी इचारलं.

"सहा-सात किलोमीटर. लय झालं त आठ."

"कोनत्या बाजूले गेला?"

"आर्वी रोडले. मारोती तिकडंच हाय ना."

साहेब उठले. "मावशी, ड्रायव्हर घ्या, अन् दोन शिपाई. बाईले बी घ्या ओळखाले."

मी गाडीवरची पोलिसाची पाटी झाकाले सांगतली अन् शिपायाइले मांगं बसवलं. मारोतीचं देऊळ आलं. तिथं नारळ फुटल्याची खूण नोती. त्याच्यापुढं चार किलोमीटरवर एक पानठेला. चार मानसं बसलेले.

"पांढरी व्हॅन पायली काय बावा?"

"पायली म्हंजे? आम्हीच ढकलली ना!" एक म्हातारा मोठ्या अभिमानानं म्हने. "बिचारा एकटाच होता. पार मेकॅनिकच्या शेडापर्यंत नेऊन देल्ली. अजून घाम वाळला नाई."

"लय चांगलं काम केलं," मी म्हनलं.

शेड अर्ध्या किलोमीटरवर होतं. गाडी तिथंच उभी होती. मेकॅनिक सीटखालचं इंजिन उघडून, प्लग काढून, पंप काढून, सारं फडक्यावर मांडून बसलता. अन् आमचा गडी खुर्चीवर बसून तर्री पोहे खाऊन राह्यला होता. नाचणगावचे गार झाले, पन पोहे त्याच्या नशिबात होतेच.

शिपायाइले मी शेडाच्या मांगून धाडलं. बाईले गाडीतच बसवलं. मी साडीचा पदर डोक्यावर घेतला अन् त्याच्या बाजूच्या बाकड्यावर जाऊन बसली.

"काय झालं बाबू गाडीले?"

"बंद पडली मावशी. कईचा बसलो."

"पेट्रोल संपलं असन."

"नाई ओ. अर्धी टाकी हाय." त्यानं चमच्यानं काट्याकडं दाखवलं.

मेकॅनिक मान वर न करता म्हने, "मी बी तेच म्हनलं. पंपाचीच बिमारी हाय. दहा मिनिटं."

"कोनाची हाय गाडी?"

"माहीच."

"मंग तुले ठाऊक असाले पायजे लेकरा," मी म्हनलं. "हा काटा त घरधनीनीच्या लग्नापासून अर्ध्यावरच हाय."

त्याचा घास तोंडातच राह्यला. मी माहं ओळखपत्र काढलं. तो उठून मांगं पळाला, त सरळ दोन शिपायाइच्या अंगावर. पोह्याची प्लेट तेवढी सांडली.

मेकॅनिक म्हने, "मंग माह्या पंपाचं काय?" त्याले म्हनलं, "पंच म्हनून सही कर, अन् सारं होतं तसं लाव."

पंचनामा तिथंच केला. मुद्देमालात एक व्हॅन, चाबी, आरोपीचा मोबाईल. मांगच्या सीटवर नारळ होता, तसाच. शिपाई म्हने, "मावशी, नारळ बी लिवू?" मी म्हनलं, "लिव. एक नग, शेंडीसकट."

ठान्यात त्याले मारझोड काई करावी लागली नाई. मी फक्त समोर चहा ठेवला अन् इचारलं, "मोटरसायकल कोनाची?" नंबरावरून ते आर्वीतल्या एका मानसाची निघालीच होती. या गड्यानं अशीच चालवून पाह्यतो म्हनून नेलती, अन् त्या मानसाजवळ भरोसा म्हनून महागडा मोबाईल ठेवलता. तो मोबाईल दुकानाच्या काचेत ठेवतात तसा, आतून रिकामा. रिकाम्या मोबाईलवर मोटरसायकल, मोटरसायकलवर व्हॅन, अन् व्हॅनमधून दारू आनाची, असा त्याचा हिशेब होता. त्याचं त्यानं सारं सांगतलं.

आर्वीवाल्याले फोन केला. "फिर्याद काऊन नाई देल्ली?" त म्हने, "लोकं हासतीन ना मॅडम." संध्याकाळी येऊन त्यानं पयले मोटरसायकलच्या सीटवर हात फिरवला, मंग फिर्याद देल्ली.

तवापासून मी एक गोष्ट धरून ठेवली. आपल्या मानसाले चोराची भीती कमी, अन् वाईट दिसन याची भीती जास्त. संगं बसलो त वाईट दिसन, लायसन मांगतलं त वाईट दिसन, फसलो असं सांगतलं त वाईट दिसन. त्या गड्याले गाडी चालवता येत होती, तितकाच या भीतीचा फायदा बी घेता येत होता. म्हनून मी जिले-तिले सांगते. फोटोत नंबर अन् घर दाखवू नका. अनोळखी मानसाले घरी नाई, चार लोकाइत बोलवा, ठान्यासमोर बोलवलं त अजून बरं. असली लायसन हातात घेऊन पाहा, त्याचा फोटो काढून नातेवाईकाले धाडा. गाडी चालवून पाह्यची असन त आपन बाजूले बसा. मोटरसायकल ठेवली, मोबाईल ठेवला, त्याले भुलू नका. अन् त्याले देवाले जाचं असन त आपन बी जाचं. देव दोघाइले बी पायते.

व्हॅन कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हंजे सांभाळाले म्हनून, परत भेटली, संगं नारळ बी. मंग कोर्टाची परवानगी घेऊन त्याईनं पुन्हा इकाले काढली. गिऱ्हाईकाले बोलवलं ते आमच्या ठान्यासमोरच. माही निवृत्ती आठ दिवसांवर आलती. बाईनं लायसन पायलं, फोटो काढला, अन् चालवून पाहाले गिऱ्हाईक बसला त ते बाई दार उघडून बाजूच्या सीटवर जाऊन बसली. पदर खोचून, जशी काई एसटीत जागा धरली.

फेरी मारून आल्यावर तिनंच सांगतलं, "दादा, काटा खोटा हाय. अर्ध्यावरच राह्यते."

गिऱ्हाईक नवऱ्याकडं पाहाले लागला. नवऱ्यानं घरून आनलेला कॅन उघडला, अन् तवा काढून ठेवलेलं पेट्रोल टाकीत ओतलं. चष्म्यातून दिसत नोतं, म्हनून थोडं बाहेर सांडलं. त्याले वास आला असन, तरी थेंब-थेंब निथळेपर्यंत कॅन धरून राह्यला. मले तवा स्कूटरवाल्याची पाठ आठवली. मी दुसरीकडं पायलं.

"नारळ पायजे," गिऱ्हाईक म्हने.

"हाय ना!" बाईनं पिशवीतून काढला. तोच. पंचनाम्यातला, एक नग, शेंडीसकट. तिनं कानाशी हालवला. "पानी आटलं."

चाकाखाली नाई, ठान्याच्या पायरीवरच फोडला. आतून गोल खोबऱ्याचा गोटा निघाला, पक्का वाळलेला, गोड. ठाणेदार साहेबापासून कोठडीच्या पहाऱ्यावरल्या शिपायापर्यंत साऱ्याइले तुकडा भेटला.

आता मी दळन तिच्याच चक्कीवर टाकते. मी गेली का, ते बाई पीठ भरल्या हातानं खुर्ची पुसते अन् म्हनते, "बसा मावशी, पोहे टाकते." मी बसते. गरम असतात.