वर की खाली

शिंप्यांच्या त्या गल्लीत तिला सगळे काजाताई म्हणायचे. खरं नाव विचारलं असतं तर निम्म्या गल्लीला सांगता आलं नसतं. शिंपी शर्ट शिवत, कोट शिवत, पण काजं करायचा त्यांना मनापासून कंटाळा. बटण जिथून जातं ती फट कापायची आणि तिच्या कडा दोऱ्याने गुंफून पक्क्या करायच्या, हे किचकट काम. मशीनवर केलेलं काज वर्षभरात उसवायचं, म्हणून चोखंदळ गिऱ्हाइकांचे कपडे तिच्याकडे येत. शिवाय काम घरबसल्या व्हायचं, आणि तिला घर सोडता येत नव्हतं.

आई बावीस वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. कंबरेखालचं अंग गेलं होतं, जीभ तेवढी शाबूत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. काजाताईला घड्याळाची गरजच नव्हती. एका कुशीला सहा काजं, असा तिचा हिशोब. सातवं सुरू व्हायच्या आत आईची हाक यायचीच. "मेले का बघायला तरी ये," असं आई म्हणायची, आणि ती आली की म्हणायची, "आलीस? मग राहू दे, आज नाही मरत."

मधल्या काळात एका मोठ्या दुकानातल्या, कापड बेतणाऱ्या कटरने तिला मागणी घातली होती. माणूस सरळ होता. आईलाही आपल्याकडे आणू, म्हणाला. आई म्हणाली, मला या खोलीतून हलवायचं असेल तर आधी माझा गळा दाबा. कटर चार वर्षं थांबला. मग त्याने दुसरीकडे लग्न केलं, आणि लग्नाच्या कोटाची काजं गल्लीच्या रिवाजाप्रमाणे हिच्याकडेच आली. तिने ती नेहमीपेक्षा वाईट केली नाहीत आणि चांगलीही केली नाहीत.

एक भाऊ होता, सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात. लिफ्ट बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करायचा. पन्नाशीला टेकला तरी घरात त्याचं नाव बारक्याच. पूर्वी तो महिन्याला एकदा यायचा, आईला हसवायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचा. गेली सहा वर्षं मात्र फिरकला नव्हता. फोनवर एकच पालुपद, "ताई, कामातून सुटकाच नाही गं." शेवटच्या आठवड्यात आईने सारखं त्याचंच नाव घेतलं. कामाला मी आणि नावाला तो, असं काजाताईच्या मनात आलं, आणि ते तिथेच रुतून बसलं. आई गेल्यावर तो आला, दोन दिवस दाराबाहेर भिंतीला टेकून बसला आणि गेला.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. तीन दिवस कुठेतरी फिरून येऊ, तू आयुष्यात कुठे गेली नाहीस, कुठे जायचं ते तूच सांग. तिने क्षणाचाही विचार न करता एका जुन्या शहराचं नाव घेतलं. हे नाव हिला कुठून ठाऊक, म्हणून बारक्या चाट पडला.

ते असं. बटणं ज्या जुन्या मासिकांच्या कागदात बांधून यायची, त्यातला एक कागद तिने पंधरा वर्षं दोऱ्यांच्या डब्यात जपून ठेवला होता. त्यावर त्या शहराखाली खोदलेल्या भुयारांचं चित्र होतं. खडकात एकावर एक कोनाडे, आणि प्रत्येक कोनाडा म्हणजे एक थडगं. एका कोनाड्यावर कात्री कोरलेली होती. खाली छापलं होतं, की ही बाई कपडे बेतणारी असावी. नाव माहीत नाही. हजारो वर्षांनी बाईचं नाव राहिलं नाही, पण तिची कात्री राहिली, याचं काजाताईला फार नवल वाटायचं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? आई म्हणाली असती, मला पुरायची घाई झालीय का?

हॉटेलची खोली मागच्या बाजूला होती. खिडकीखाली धुतलेल्या चादरींचे ढीग आणि रिकामी पिंपं. सकाळी न्याहारीच्या टेबलाशी गाइड आला. ठेंगणा, गळ्यात शिट्टी अडकवलेला. टेकडीवर जुन्या नगरीचे पडके महाल आणि खांब आहेत, म्हणाला. शहराखाली भुयारातली थडगी आहेत. दोन्ही एका दिवसात होत नाहीत आणि उद्या सगळं बंद असतं. "वर की खाली, ते चहा संपेपर्यंत ठरवा. वर तर काय, सगळ्यांनाच एक दिवस जायचंय," असा त्याचा ठरलेला विनोद. टेबलावरची माणसं हसली.

"वर जाऊ," बारक्या लगेच म्हणाला. मोकळी हवा आहे, उन्हात जरा हिंडू. आत्ताच आईचं झालंय, थडगी कसली बघायची. बोलताना त्याने पावाचे तुकडे करून बशीच्या कडेने मांडले, एकही तोंडात घातला नाही.

बरं, म्हणायची तिला बावीस वर्षांची सवय होती. ओठावर आलंही. पण त्याऐवजी ती म्हणाली, "तू वर जा. मी खाली जाते."

बारक्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. कोणाला वाटेल तिने त्याच्या थोबाडीत मारली. मग तो म्हणाला, "एकटी कशी जाशील? मी येतो."

भुयाराचं तोंड एका साध्या गल्लीत होतं. शेजारी चप्पल दुरुस्तीचं दुकान, समोर तिकिटाची खिडकी. आत शिरलं की लगेच पायऱ्या, एका वेळी एकच माणूस उतरेल एवढ्या. छत इतकं खाली, की उंच माणसाने वाकावं. ओलसर भिंत, लोखंडी कठडा, थोड्या थोड्या अंतरावर मिणमिणते दिवे. काजाताई पुढे, बारक्या मागे आणि त्याच्यामागे बाकीची रांग. ती कठडा धरून एकेक पायरी उतरत होती.

पायऱ्या वळल्या तिथे बारक्याचा हात तिच्या खांद्यावर पडला. आधाराला असेल, असं तिला वाटलं. मग पकड इतकी घट्ट झाली की ती कळवळून मागे वळली. तो पायरीवर बसला होता. तोंड उघडं, पण श्वास आत जात नव्हता. कपाळावरून घाम निथळत होता.

"वरून येतेय," तो म्हणाला. "ताई, ती वरून येतेय."

"कोण येतंय?"

मागची माणसं कुरकुरायला लागली, वरून गाइडची शिट्टी वाजली. काजाताईने खाली पाहिलं. अजून दहाबारा पायऱ्या, आणि त्यापुढे पिवळट उजेडात भिंतीचा एक तुकडा. त्यावर कोनाडे होते की नव्हते, तेही इथून कळत नव्हतं. मग ती वळली, भिंतीला घासत त्याला ओलांडून त्याच्या मागच्या पायरीवर गेली, त्याच्या काखांतून हात घातले आणि म्हणाली, "तीन म्हटलं की उठायचं. मान माझ्या खांद्यावर टाक." हे वाक्य तिने आयुष्यात किती वेळा म्हटलं होतं, त्याला गणती नव्हती. अख्खी रांग तिने मागे मागे चढायला लावली आणि भावाला पायरी पायरीने बाहेर काढलं.

तिकिटाच्या खिडकीसमोर बाक होता, तिथे दोघं बसली. चप्पलवाल्याने न मागता पाणी आणून दिलं. श्वास जागेवर आल्यावर बारक्या जमिनीकडे बघत बोलायला लागला, आणि बोलत राहिला.

सहा वर्षांपूर्वी तो आणि त्याचा जोडीदार एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते. वर कुणीतरी न विचारता मेन स्विच चालू केला. लिफ्ट खाली आली. बारक्या कोपऱ्यातल्या चरात आडवा पडला म्हणून वाचला. जोडीदाराला तेवढी जागा मिळाली नाही. लिफ्ट पुन्हा वर घ्यायला चार तास लागले. त्यातला पहिला तासभर जोडीदार बोलत होता. त्यानंतर बारक्या पुन्हा खड्ड्यात उतरू शकला नाही. कंपनीने त्याला गोदामात बसवलं, मग काढून टाकलं. आता तो एका सोसायटीच्या फाटकावर वॉचमन होता.

"आणि त्यानंतर एकदा तुझ्या त्या खोलीत आलो," तो म्हणाला, "तर आईच्या खाटेशेजारी बसवेना. छत खाली येतंय असं वाटलं. दोनदा तुझ्या जिन्यापर्यंत येऊन परत गेलोय."

"मला सांगायचंस."

"सांगून काय केलं असतंस तू?"

ती विचार करू लागली. काय केलं असतं? इकडेच ये म्हटलं असतं, आणि एका खोलीत दोन खाटा झाल्या असत्या. सहा वर्षं ती त्याच्यावर रागावली होती. आईची कूस बदलताना, डोळे दुखेपर्यंत टाके घालताना त्या रागाचा तिला आधार होता. तेवढी एक गोष्ट तिची स्वतःची होती. आता रागही करता येणार नव्हता. हलकं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आतून नुसतं रिकामं वाटलं.

बारक्या म्हणाला, मी इथे बसतो, तू जाऊन ये. गाइडही म्हणाला, अजून वेळ आहे, बाई. तिने भावाच्या हातांकडे पाहिलं. पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरूनही त्याला सांडल्याशिवाय पिता येत नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली.

दुपार त्यांनी त्या बाकावरच काढली. थोड्या वेळाने बारक्याने घरांच्या छपरांवरून लांब टेकडीकडे बोट दाखवलं. दोनतीन खांब काड्यांसारखे उभे होते. "ते बघ, इथून दिसतात," तो म्हणाला. ती हो म्हणाली.

परत आल्यावर काजाताईने आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर काम धरलं. मुख्य रस्त्यावर कपड्यांचं मोठं दुकान होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर कपडे लहानमोठे करून द्यायच्या खोलीत सहा बायका बसत. रस्त्याकडे उघडणाऱ्या दोन मोठ्या खिडक्या होत्या. पहिले काही दिवस ती कुणाशी बोललीच नाही. मग एकीने तिच्या बारीक टाक्यांची चेष्टा केली, "मुंगीला स्वेटर विणणार का?" आणि काजाताईला हसू फुटलं. आपल्या हसण्याचा आवाज असा असतो, हे ती विसरून गेली होती. चारचा चहा सगळ्या एकत्र पीत. पाच महिने असे गेले.

सहाव्या महिन्यात बारक्या दोन पिशव्या घेऊन दारात उभा राहिला. सोसायटीने त्याची बदली तळघरातल्या पार्किंगवर केली होती. तिसऱ्या दिवशी तो तिथून पळत सुटला होता. थोडे दिवस राहतो, म्हणाला. राहा, ती म्हणाली. छताची भीती वाटू नये म्हणून त्याची गादी तिने उघड्या दाराशी घातली. पण ती कामावर गेली की त्याला घरात थांबवेना. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचा. एकदा रस्त्याच्या मधोमध बसलेला सापडला, आभाळाकडे बघत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, माणूस एकटा सोडू नका.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली ती निरोप घ्यायलाच. खोलीची मुख्य बाई वाईट नव्हती. रजा घे, नाव काढत नाही तुझं, म्हणाली. "कोण आजारी आहे?"

"भाऊ."

"किती दिवस लागतील?"

काजाताईने खरं उत्तर मनात जुळवून पाहिलं. भाऊ तिच्याहून सात वर्षांनी लहान होता, आणि अंगाने धडधाकट होता.

"नका धरू जागा माझी," ती म्हणाली.

तिने खणातून आपली कात्री आणि बोटात घालायची पत्र्याची टोपी काढून पिशवीत टाकली. चहाला थांब गं, असं बायका म्हणत होत्या, पण चार वाजायला अजून वेळ होता. जिना उतरून ती बाहेर आली, कोपऱ्यावर दूध घेतलं आणि भराभर चालायला लागली, कारण तो दाराशी उभा राहून वाट बघत असणार होता.