हो म्हणणारं गिऱ्हाईक

घर बघायला आलेलं गिऱ्हाईक "महाग आहे" म्हणालं की आमचे दाजी फणकारत, "त्याला घरातलं काय कळतं!" आणि एखादं "परवडतं" म्हणालं की त्यांचा चेहरा उतरे. "परवडतं म्हणाला, म्हणजे आपण भाव कमी सांगितला." या कात्रीत ते घर, दाजी आणि माझी अक्का अशी तिघं कित्येक वर्षं अडकून पडली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा लढाई चालू होती, आणि लष्करामुळे नगरात घरांना मागणी आलेली. एकुलती लेक कुसुम डोंगराकडे अकोले गावी दिलेली. पदरात दोन लहान मुलं, घरात सासू नाही आणि अंगात ताप मुरलेला. अक्काचा सगळा जीव तिकडे. पण जावयाच्या दारात जाऊन राहणं दाजींना मान्य नव्हतं. नगरचं घर विकायचं, कुसुमच्या शेजारी आपलं घर घ्यायचं, मगच जायचं, असं ठरलं. अक्कानं त्या उन्हाळ्यात कुरडयासुद्धा घातल्या नाहीत. "आता तिकडेच घालू," म्हणाली.

मी तेव्हा भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. स्वतःचं घर नसल्यामुळे घरांच्या किमतीविषयी माझी मतं फार ठाम होती. साहजिकच दाजी मला सल्ल्याला बोलावत. "आधी चुना लावा, गिऱ्हाईक पांढऱ्या भिंतीला भुलतं," हा सल्ला माझाच. माजघराच्या एका भिंतीला ओल होती, तेवढ्या भिंतीला दाजींनी चुन्याचे दोन हात दिले. पुढचं गिऱ्हाईक थेट तिच्यापाशीच जाऊन उभं राहिलं. "सगळं घर काळवंडलेलं आणि हीच भिंत तेवढी पांढरी कशी हो?" दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे पाहिलं.

किंमत काढायची दाजींची रीत निराळी. दगड, चुना, सागाचं दार यांचा खर्च धरायचा, आणि वर, "बांधकाम चालू होतं तेव्हा रजा काढून उन्हात मी उभा राहिलो. त्याचं कोण देणार?"

"दाजी, तुमच्या उन्हाशी गिऱ्हाइकाला काय करायचंय?"

"वा रे वा! सावलीत तोच बसणार ना?"



एकदा पाथर्डीकडचे एक बैलांचे व्यापारी आले. घर फिरून पाहिलं, भाव ऐकला आणि म्हणाले, "पटलं. घेतलं म्हना." तोंड गोड करायला रेशनच्या साखरेची वाटी घेऊन अक्का लगबगीनं दारात आली. दाजी मात्र पांढरे पडले. "जरा विचार करून उद्या सांगतो." अक्का वाटी घेऊन तशीच आत गेली. दुसऱ्या दिवशी दाजींनी भाव वाढवला. व्यापारी रागावले नाहीत. वहाणा पायांत सरकवत म्हणाले, "दाजी, तुमाला घर इकायचं न्हाई. तुमाला घराचं कवतिक आयकायचं हाय."

लढाई संपली, लष्करी माणसं पांगली, गिऱ्हाइकं येईनाशी झाली. "भाव कधी खाली येत नसतात," दाजी म्हणत, "थोडं थांबायचं." थांबता थांबता कुसुमनं अंथरूण धरल्याचा निरोप आला. अक्कानं ट्रंक भरायला घेतली.

"तू गेलीस तर गिऱ्हाइकाला घर ओकंबोकं दिसेल," दाजी म्हणाले. "आणि मी आलो तर दाखवणार कोण?"

"तुम्ही बसा दाखवत," अक्का म्हणाली आणि निघाली. संगमनेरच्या मोटारीपर्यंत तिला पोचवायला मी गेलो. दाजी घरीच थांबले. न जाणो, नेमकं कोणी यायचं.

कुसुम सावरली, पण अक्का परतली नाही. तिनं लेकीच्या शेजारी एक खोली भाड्यानं घेतली. वर्षभरानं राहिलेली लुगडी न्यायला आली, तेव्हा मीही होतो. दाजींनी तिला घर फिरवून दाखवलं. परसातली नवी मोरी, बदललेली कौलं, खिडक्यांना दिलेलं तेल. जिभेला सवयच पडली होती. अक्का मुकाट्यानं मागून हिंडली. शेवटी ओटीवर येऊन टेकली आणि हसून म्हणाली, "छान आहे. केवढ्याला द्याल?"

दाजींनी खांब धरला.

"तू म्हणशील तेवढ्याला."

अक्कानं पदर सावरला. "आता घेऊन काय करू हो?" ती म्हणाली, आणि मला मोटारीची वेळ विचारली.